पडलेली कंपनी पुन्हा उभी राहते काय?
टेक्ससमधील प्लेनो शहर आणि मोबाईल कंपन्यांचा चढउतार

इस्राएलमध्ये खिशातल्या फोनाला सारे जण 'पेलेफोन' म्हणतात. हिब्रूत 'पेले' म्हणजे नवल. १९८६ साली त्या देशात पहिली मोबाईल सेवा सुरू करणाऱ्या कंपनीचे हे नाव. पुढे दुसऱ्या कंपन्या आल्या, लोकांनी त्यांचे फोन घेतले, पण बोलताना शब्द तोच राहिला. आपल्याकडे कोणत्याही वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणत, तसाच हा प्रकार. या पहिल्या सेवेत अमेरिकेच्या मोटोरोला कंपनीची भागीदारी होती.

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना मोटोरोला, नोकिया, एरिक्सन, ब्लॅकबेरी ही नावे घरच्या माणसांसारखी ओळखीची आहेत. लोदहून ठाण्याला आणि बीरशेबाहून अलिबागला याच फोनांवरून एके काळी खुशाली कळत असे. आज दुकानात गेलो तर सॅमसंग आणि अ‍ॅपल या दोन नावांनी फळ्या भरलेल्या दिसतात. मग जुनी नावे गेली कुठे? आणि एकदा खाली आलेली फोन कंपनी या बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांसमोर पुन्हा उभी राहू शकते काय?

हा प्रश्न केवळ बाजारगप्पांचा नाही. आपली मुले-मुली आज इस्राएलमध्ये काय, भारतात काय किंवा अमेरिकेत काय, संगणक आणि दूरसंचाराच्या कंपन्यांत नोकरीस आहेत. कंपनी डळमळू लागली की घरोघरी तीच चर्चा चालते. थांबावे की निघावे? कंपनी सावरेल की बुडेल? या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा इतिहासात शोधावे असे आम्हांस वाटले. आणि हा इतिहास एकाच ठिकाणी पाहायचा तर अमेरिकेतील प्लेनो या शहराइतके सोयीचे ठिकाण आमच्या पाहण्यात नाही.

प्लेनो हे टेक्सस राज्यात, डॅलस शहराच्या उत्तरेस सुमारे वीस मैलांवर आहे. स्पॅनिश भाषेत 'प्लेनो' म्हणजे सपाट. गावाची जमीन खरोखरच सपाट आणि माती काळी, आपल्या खानदेश-वऱ्हाडासारखी. त्या मातीत कापूस होई. १८७२ साली रेल्वे आली तेव्हा गाव थोडे वाढले, पण १९७० सालापर्यंत लोकवस्ती अठरा हजारांच्या आतच होती. २०२०च्या शिरगणतीत ती २,८५,४९४ भरली. त्यात भारतीय कुटुंबांची संख्या मोठी असून मराठी घरेही आहेत.

शेतीच्या गावाचे असे शहर कशाने झाले? डॅलसच्या टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत १९५८ साली जॅक किल्बी यांनी इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे आजच्या चिपचा मूळ अवतार, तयार करून दाखवला. प्लेनोच्या शेजारच्या रिचर्डसन गावात रेडिओ व टेलिफोनची यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या येत गेल्या, आणि त्या पट्ट्याला 'टेलिकॉम कॉरिडॉर' असेच नाव पडले. जमीन स्वस्त, विमानतळ जवळ आणि जाणकार इंजिनिअर हाताशी, यामुळे परदेशी कंपन्यांनीही अमेरिकेत पाय ठेवताना हाच भाग पसंत केला. स्वीडनची एरिक्सन, चीनची हुआवे आणि कोरियाची सॅमसंग या तिघींनीही प्लेनोत कचेऱ्या थाटल्या. फिनलंडच्या नोकियाचे अमेरिकेतील मुख्यालय जवळच आयर्व्हिंग येथे होते. एका मोठ्या उद्योगातील जेते आणि पराभूत असे एकमेकांच्या शेजारी बसलेले क्वचितच पाहायला मिळतात.

प्रथम एरिक्सनची गोष्ट पाहू. १८७६ साली स्टॉकहोममध्ये लार्स माग्नुस एरिक्सन यांनी तारयंत्रे दुरुस्त करण्याचे छोटे दुकान काढले, त्यातून ही कंपनी वाढली. विसावे शतक संपताना ती जगातील आघाडीच्या मोबाईल कंपन्यांत होती. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्क येथे फिलिप्स कंपनीच्या चिपच्या कारखान्यावरील तारांवर वीज पडली आणि आत आग लागली. आग दहाएक मिनिटांत विझली. पण चिप बनवण्याच्या खोल्यांत धुळीचा कणही चालत नाही. तिथे धूर आणि पाणी गेल्याने तयार माल वाया गेला आणि काम ठप्प झाले.

या कारखान्याच्या चिपवर नोकिया आणि एरिक्सन दोघीही अवलंबून होत्या. नोकियाच्या माणसांनी धोका ओळखून धावपळ केली आणि फिलिप्सच्या इतर कारखान्यांतून व अन्य पुरवठादारांकडून माल मिळवला. एरिक्सन वाट पाहत राहिली. त्या वर्षी तिचे सुमारे ४० कोटी डॉलरचे नुकसान झाल्याचे सांगितले गेले. एवढ्या एका आगीने कंपनी पडली असे म्हणणे चूक होईल, कारण तिचे फोन आधीच मागे पडू लागले होते. पण पडत्या घराचा वासा त्या आगीने काढून घेतला. २००१ साली एरिक्सनने फोनचा धंदा जपानच्या सोनीबरोबर भागीदारीत घातला, आणि २०१२च्या फेब्रुवारीत आपला हिस्साही सोनीला विकून ती या धंद्यातून कायमची बाहेर पडली.

मग एरिक्सन बुडाली काय? मुळीच नाही. फोन ज्या मनोऱ्यांशी बोलतो त्या मनोऱ्यांवरची यंत्रे बनवणे हा तिचा जुना धंदा होता, तो तिने घट्ट धरून ठेवला. तिचे उत्तर अमेरिकेतील मुख्यालय प्लेनोत लेगसी ड्राइव्ह या रस्त्यावर आहे. २०२० साली तिने जवळच्या लुईसव्हिल गावात फाइव्ह-जी यंत्रांचा कारखाना सुरू केला. २०२३च्या डिसेंबरात डॅलसच्या ए.टी. अँड टी. कंपनीने पाच वर्षांसाठी सुमारे १,४०० कोटी डॉलरचे काम तिला दिल्याचे जाहीर झाले. तुमच्या आमच्या हातात एरिक्सनचा फोन नाही, पण फोन लागतो त्यात तिचा हात असू शकतो. गादी गेली, कसब राहिले. सावरण्याची ही पहिली तऱ्हा.

दुसरी तऱ्हा पाहायची तर प्लेनोहून पश्चिमेला, फोर्टवर्थ शहराच्या उत्तरेकडील अलायन्स भागात जायला हवे. तिथल्या एका मोठ्या कारखान्यात पूर्वी नोकियाचे फोन तयार होत. पुढे नोकियाने ते काम बंद केले. २०१३ साली त्याच इमारतीत मोटोरोलाचा 'मोटो एक्स' फोन जुळवण्याचे काम सुरू झाले. 'अमेरिकेत जुळवलेला स्मार्टफोन' अशी त्याची मोठी जाहिरात झाली. भर हंगामात तिथे सुमारे ३,८०० माणसे कामाला होती. २०१४च्या मे महिन्यात कारखाना बंद करण्याची घोषणा झाली तेव्हा सुमारे ७०० उरली होती, आणि वर्ष संपता संपता कारखाना बंद पडला. फोन वाईट नव्हता. खप कमी होता, आणि मजुरी व वाहतूक परवडेना. एकाच छपराखाली जगातील दोन मोठ्या कंपन्यांचे फोन बनले आणि दोघींचेही काम तिथून उठले.

या दोघी किती मोठ्या होत्या याचा आज विसर पडला आहे. मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या मोबाईलवर जगातला पहिला फोन केला. २००४ साली आलेला तिचा पातळ 'रेझर' फोन तेरा कोटींहून अधिक खपला. नोकिया तर २००७च्या अखेरीस जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा मोबाईलपैकी सुमारे चार एकटी विकत होती. त्याच वर्षी अ‍ॅपलचा आयफोन बाजारात आला, आणि पुढल्या वर्षी गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीचा पहिला फोन आला. त्यानंतर सात वर्षांच्या आत मोटोरोला आणि नोकिया या दोघींचेही फोनचे धंदे दुसऱ्यांच्या हाती गेले.

मोटोरोलाचा फोन विभाग गूगलने १,२५० कोटी डॉलरना घेतला. तो सौदा २०१२ साली पुरा झाला. दोनच वर्षांनी, बहुतेक पेटंट स्वतःकडे ठेवून, गूगलने तो चीनच्या लेनोव्होला २९१ कोटींना विकण्याचे ठरवले. नोकियाचा फोन विभाग मायक्रोसॉफ्टने २०१४च्या एप्रिलमध्ये ताब्यात घेतला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टला ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकावे लागले आणि ७,८०० माणसांच्या नोकऱ्या गेल्या. २०१६ साली एचएमडी नावाच्या फिनिश कंपनीने 'नोकिया' हे नाव भाड्याने घेऊन पुन्हा फोन काढले. जुन्या ग्राहकांना आनंद झाला. काही वर्षे बरी गेली. २०२४पासून एचएमडी स्वतःच्या नावानेही फोन विकू लागली, आणि २०२५ साली तिने अमेरिकेतील काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले.

येथे वाचक विचारतील की एवढा पैसा, एवढे नाव आणि एवढे इंजिनिअर असूनही या कंपन्यांना पुन्हा वर का येता आले नाही? याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

पूर्वी फोन ही एक वस्तू होती. चांगली, टिकाऊ आणि स्वस्त वस्तू बनवली की ग्राहक परत येई. स्मार्टफोन ही नुसती वस्तू राहिली नाही, तो बाजार झाला. फोनमध्ये बँक, नकाशा, तिकीट, निरोप, व्हिडिओ अशी हजारो दुकाने असतात. त्यांनाच अ‍ॅप म्हणतात. अ‍ॅप लिहिणारा तिथेच जातो जिथे गिऱ्हाईक जास्त, आणि गिऱ्हाईक तिथेच जाते जिथे अ‍ॅप जास्त. नोकियाने २०११ साली मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीचा आधार घेतला. ते फोन देखणे होते, कॅमेरे उत्तम होते, पण बाजार ओस होता. ओस बाजारात कितीही सुंदर दुकान थाटले तरी गिऱ्हाईक येत नाही.

दुसरे कारण विक्रीच्या वाटेचे. अमेरिकेत बहुतेक लोक फोन सुट्या दुकानातून रोख घेत नाहीत, ए.टी. अँड टी., व्हेरायझन, टी-मोबाईल अशा सेवा कंपन्यांकडून हप्त्याने घेतात. या तीन दारांतून ज्याला आत घेतले नाही त्याला अमेरिकेची बाजारपेठ जवळजवळ बंद. तिसरे कारण कच्च्या मालाचे. चिप आणि पडदे बनवणारे कारखाने जगात मोजके आहेत, आणि ते मोठ्या गिऱ्हाइकाला आधी माल देतात. जो खाली घसरतो त्याला माल उशिरा आणि महाग मिळतो, म्हणून तो आणखी घसरतो.

कोकणातल्या आपल्या वाडवडिलांना हे निराळे सांगावे लागले नसते. यांत्रिक तेलगिरण्या आल्या आणि बैलाचा घाणा मागे पडला, तो तेल वाईट होते म्हणून नव्हे. गिरणीने भाव पाडला, रेल्वेने डबे गावोगाव पोचवले, दुकानदाराने तेच डबे पुढे मांडले. घाणेवाल्याने आणखी चांगले तेल काढून काय होणार होते? आता महाराष्ट्राच्या शहरांत 'लाकडी घाण्याचे तेल' पुन्हा विकले जाते आणि लोक त्याला जास्त दाम मोजतात. पण ते थोड्या घरांपुरते. घाणा परतला, घाण्याचे राज्य परतले नाही. एचएमडीने नोकियाचे बटणांचे फोन पुन्हा काढले त्यांचेही असेच झाले.

ब्लॅकबेरी या कॅनडाच्या कंपनीच्या वाट्याला या दोन्ही तऱ्हा आल्या. तिचेही अमेरिकेतील मुख्यालय आयर्व्हिंगलाच होते. एके काळी प्रत्येक मोठ्या साहेबाच्या कमरेला तिचा फोन लटकलेला असे. २०१६ साली तिने स्वतः फोन बनवणे थांबवले आणि इतरांना नाव वापरायला दिले. टेक्ससच्याच ऑस्टिन शहरातील ऑनवर्डमोबिलिटी या नव्या कंपनीने २०२० साली जाहीर केले की आम्ही ब्लॅकबेरीचा नवा फोन आणू. तो फोन आलाच नाही. २०२२च्या फेब्रुवारीत ती कंपनीच बंद झाली. त्याच वर्षी ४ जानेवारीला जुन्या ब्लॅकबेरी फोनांच्या सेवाही थांबल्या होत्या. मात्र ब्लॅकबेरीने २०१० साली विकत घेतलेली क्यूएनएक्स ही प्रणाली आज जगातील वीस कोटींहून अधिक मोटारींत चालते. कंपनी जगली, ती फोन सोडून.

मायदेशातही असेच घडले. गुरगावची मायक्रोमॅक्स ही कंपनी २०१४च्या अखेरीस एका पाहणीनुसार भारतात सॅमसंगच्याही पुढे गेली होती. पण २०१६ साली जिओने फोर-जी सेवा सुरू केली, चिनी कंपन्या स्वस्त आणि चांगले फोन घेऊन उतरल्या, आणि मायक्रोमॅक्स मागे पडली. २०२०च्या नोव्हेंबरात 'इन' या नावाचे फोन काढून आणि स्वदेशीची हाक देऊन तिने परत येण्याचा प्रयत्न केला. हाकेला प्रेमाने ओ देणारे होते, पण चिप, पडदा आणि प्रणाली यांपैकी काहीच स्वतःचे नसल्याने जुने स्थान काही मिळाले नाही.

तर मग कोणीच परतले नाही काय? एक कंपनी परतली, आणि तिचाही संबंध प्लेनोशी आहे. ही हुआवे. २००१ साली तिने अमेरिकेतील कचेरी प्लेनोत उघडली. २०१८च्या जानेवारीत तिचा फोन विकण्याचा करार ए.टी. अँड टी.ने ऐन वेळी मोडला. वर सांगितलेल्या तीन दारांपैकी एक असे मिटले. चीन सरकारशी असलेल्या संबंधांमुळे ही कंपनी देशाच्या सुरक्षेस धोका आहे, असे अमेरिकी सरकारचे म्हणणे होते. कंपनी ते नाकारत आली. सरकारी खात्यांनी तिची यंत्रे घेऊ नयेत असा कायदा झाला, तेव्हा २०१९च्या मार्चमध्ये हुआवेने प्लेनो ज्या भागात मोडते त्या पूर्व टेक्ससच्या संघीय न्यायालयात सरकारवर दावा लावला. २०२०च्या फेब्रुवारीत तो फेटाळला गेला.

त्याआधीच, २०१९च्या मे महिन्यात, अमेरिकेने हुआवेला निर्बंधांच्या यादीत टाकले होते. नव्या फोनांसाठी गूगलच्या सेवा बंद झाल्या. तरीही २०२०च्या दुसऱ्या तिमाहीत चीनमधील खपाच्या जोरावर ती जगात पहिल्या क्रमांकावर गेली. मग सप्टेंबर २०२०पासून तैवानच्या कारखान्यातून येणाऱ्या उत्तम चिपही तुटल्या. नोव्हेंबरात तिला 'ऑनर' ही आपली स्वस्त फोनांची शाखा विकावी लागली. २०२१ साली तिचे उत्पन्न एका वर्षात २८ टक्क्यांहून अधिक घसरले. जाणकारांनी तिचा फोनचा धंदा संपला असेच धरले.

२९ ऑगस्ट २०२३ रोजी कसलाही गाजावाजा न करता हुआवेने 'मेट ६० प्रो' हा फोन चीनमध्ये विक्रीस ठेवला. त्यातली चिप चीनमध्येच बनलेली होती. जगातल्या सर्वोत्तम चिपच्या ती काही वर्षे मागे होती, पण ती होती, आणि ती मिळणार नाही असे सारे जण धरून चालले होते. २०२५च्या दुसऱ्या तिमाहीत हुआवे चीनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर आली.

हे तिला कसे साधले? एक तर चिपचा आराखडा करणारी तिची स्वतःची माणसे होती, आणि पडत्या काळातही त्यांचे काम थांबले नाही. ज्या २०२१ साली उत्पन्न एवढे घसरले त्याच वर्षी तिने उत्पन्नातले २२.४ टक्के संशोधनावर खर्च केले. दुसरे, तिने 'हार्मनी' ही स्वतःची प्रणाली उभी केली. तिसरे, परतून जायला तिच्यामागे एक अवाढव्य घर होते. चीनमध्ये गूगलच्या सेवा आधीच नव्हत्या, त्यामुळे तिथल्या ग्राहकाचे काही अडले नाही. सरकारचे बळ होते आणि लोकांचा अभिमानही होता. हे तिसरे कारण सर्वांत मोठे आहे असे आम्हांस वाटते. चीनबाहेर गूगलच्या सेवांवाचून तिचा फोन फारसा चालत नाही, आणि अमेरिकेत तर 'मेट ६० प्रो' अधिकृतपणे विकलाच गेला नाही. तेव्हा हुआवे उभी राहिली ती आपल्या अंगणात.

काही वाचक अ‍ॅपलचे उदाहरण पुढे करतील, आणि ते रास्तच आहे. १९९७ साली अ‍ॅपल दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती आणि प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टने तिच्यात १५ कोटी डॉलर गुंतवले होते. पुढे ती जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांत गेली. पण नीट पाहिले तर संगणकाच्या ज्या लढाईत ती हरली होती ती तिने आजवर जिंकलेली नाही. घरोघरच्या आणि कचेऱ्यांतल्या संगणकांवर अजून विंडोजचेच वर्चस्व आहे. अ‍ॅपल वर आली ती २००१च्या आयपॉडने आणि २००७च्या आयफोनने. तिने हरलेले मैदान सोडले आणि जिथे अजून कोणी राजा नव्हता तिथे आपले ठाणे दिले.

सॅमसंगचेही उदाहरण देतात. २०१६ साली तिच्या 'नोट ७' फोनांच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, सुमारे २५ लाख फोन परत मागवावे लागले आणि तो फोनच बंद झाला. पुढल्या वर्षी सॅमसंग पुन्हा जोमात होती. पण ही ठेच होती, पडणे नव्हते. चिप तिची, पडदा तिचा, विक्रीची दारे तिला उघडी. तिच्या खालची जमीन हललीच नव्हती. मोटोरोलाही, कोरियाच्या एलजी कंपनीने २०२१ साली फोनचा धंदा बंद केल्यावर, अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर आली. हे यश खरे आहे. मात्र पहिल्या दोघांत आणि तिसऱ्यात अंतर फार आहे, आणि मोटोरोलाचे मालक आता लेनोव्हो आहेत.

एवढ्या इतिहासावरून आमचे मत असे झाले आहे की पडलेली फोन कंपनी तीच लढाई पुन्हा लढून जुनी गादी परत मिळवत नाही. ती जगू शकते तीन प्रकारे. एरिक्सनसारखी आपल्या जुन्या कसबाकडे वळून, नोकिया-मोटोरोलाच्या फोनांसारखी दुसऱ्याच्या घरात नावापुरती राहून, किंवा हुआवेसारखी स्वतःची चिप, स्वतःची प्रणाली आणि स्वतःची पेठ या तिन्हींच्या बळावर घरी परत उभी राहून. पुन्हा राजा व्हायचे असेल तर अ‍ॅपलसारखी नव्या वळणाची वाट पाहावी लागते.

परंतु आपल्या दृष्टीने याहून मोठा एक प्रश्न उरतो. कंपनी सावरली म्हणजे तिची माणसे सावरली काय?

मुंबईच्या वाचकांना लोअर परळची फिनिक्स मिल आठवत असेल. १९०५ साली निघालेली ही कापडगिरणी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरणगावाचे भोंगे एकामागून एक बंद झाले. आज फिनिक्सच्या जागी झगमगीत दुकाने आहेत आणि कंपनी अनेक शहरांत मॉल चालवते. हिशेबाच्या वहीत पाहिले तर पडलेली कंपनी उत्तम रीतीने उभी राहिली. पण तिथल्या साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या मॉलमध्ये काम कुठले? त्याचा हात सुताला सरावलेला होता.

प्लेनोच्या बाबतीतही हा हिशेब करून पाहावा. २०१९च्या जुलैमध्ये हुआवेच्या अमेरिकेतील संशोधन कंपनीने, फ्यूचरवेने, सुमारे ८५० पैकी ६००हून अधिक माणसे कमी केली. चार वर्षांनी 'मेट ६० प्रो' निघाला तेव्हा चीनमध्ये दुकानांपुढे रांगा लागल्या. त्या विजयात या सहाशे जणांचा वाटा कोणी मोजला नाही, आणि त्यांना कोणी परतही बोलावले नसेल. फोर्टवर्थच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या माणसांचेही तेच. मोटोरोला अमेरिकेत तिसरी आली म्हणून तो कारखाना काही पुन्हा सुरू झाला नाही.

असे असूनही प्लेनो शहर ओस पडलेले नाही. कंपन्या आल्या, गेल्या, विकल्या गेल्या. गाव वाढतच राहिले. याचे कारण आमच्या समजुतीप्रमाणे असे की तिथे एकाच कंपनीचा भरवसा नव्हता. रेडिओच्या लहरींचे गणित ज्याला येते त्याला फोनही करता येतो आणि मनोऱ्यावरचे यंत्रही. कंपनीचा शिक्का बदलला तरी हे ज्ञान बदलत नाही. मात्र ज्याने वर्षानुवर्षे फक्त एकाच कंपनीच्या एकाच यंत्राची एकच कळ दाबली, त्याला शेजारचे दारही लांब वाटते. गिरणगावात आणि टेक्ससमध्ये फरक पडला तो मुख्यतः एवढाच. परळच्या कामगाराच्या शेजारी दुसरे दारच नव्हते. तो दोष त्याचा नव्हता.

आपण मंडळी देशांतर केलेली. एक घर मोडून दुसरे घालणे काय असते हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. मुंबईच्या गोदीत, रेल्वेत आणि कचेऱ्यांत काम केलेले आपले वडीलधारे नव्या देशात गेले तेव्हा जुन्या कंपनीच्या नावाचा त्यांना काही उपयोग झाला नाही. ज्याच्या हातात सुतारकी, परिचारिकेचे काम, हिशेब किंवा शिकवण्याची हातोटी होती, त्याने नव्या भाषेत का होईना, तेच काम पुन्हा सुरू केले.

तेव्हा घरात जेव्हा मुलगा किंवा मुलगी विचारील की आमची कंपनी घसरते आहे, ती सावरेल काय, तेव्हा दोन प्रश्न निरनिराळे ठेवावेत. कंपनीपाशी स्वतःचे असे काय आहे, आणि परतायला तिला घर आहे काय, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर वर्तमानपत्रांतून आणि वार्षिक अहवालांतून मिळू शकते. दुसरा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारायचा. उद्या या कंपनीची पाटी उतरली तर माझ्या हातात काय उरते? पहिल्याचे उत्तर कितीही आशादायक असले तरी दुसऱ्याचे उत्तर तयार असावे. एरिक्सनची फोनवरची पाटी उतरली तेव्हा ती मनोऱ्यांच्या धंद्यावर तरली. माणसालाही असा एक मनोरा हवा.